चिंचेनं घासलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटरचा मदरबोर्ड बदलताना, प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या ठोकळ्याला खालून लागलेला पांढरा मळ मी चिंचेनं घासून काढला. तो मळ नव्हता. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात जावी म्हणून दोघांच्या मध्ये मुद्दाम लावलेली ती पेस्ट होती. ती नसली की प्रोसेसर तव्यासारखा तापतो आणि कॉम्प्युटर बंद पडतो, हे कळायला मला अर्धा उन्हाळा लागला आणि ताईचं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ यावी लागली. माझ्याकडे तेव्हा हार्डवेअरच्या कोर्सचं सर्टिफिकेट होतं. आईनं ते फ्रेम करून देवघराशेजारी लावलं होतं.

माझ्या बाजूनं एवढंच सांगतो, की त्या वर्षांत आमच्या घरात जे पांढरं दिसे ते क्षारच असत. बोअरला जे काय पाणी उरलं होतं ते इतकं जड होतं की नळाच्या तोट्या, बादल्यांचे काठ, कूलरच्या जाळ्या, सगळ्यांवर पांढरी खपली धरायची. आईकडे त्यावर एकच औषध होतं, चिंच. आणि देवाची तांब्याची भांडी चिंचेनं घासण्याचं काम मुंज झाल्यापासून माझ्याकडे होतं. त्यामुळे जुन्या बोर्डावरून पंखा काढला, ठोकळा उलटा केला, त्याचं बूड तांब्याचं निघालं आणि त्यावर पांढरं काहीतरी दिसलं, तेव्हा माझे हात आपोआप स्वयंपाकघराकडे वळले. घासून, धुऊन, उन्हात वाळवून ठोकळा असा लखलखीत केला की त्यात माझा चेहरा दिसायला लागला. चेहरा समाधानी होता. प्रोसेसरच्या पाठीवरही तसंच काही चिकटलेलं होतं, तेही पुसून काढलं. मग नवा बोर्ड, म्हणजे सेकंडहँडच, पण आमच्या दृष्टीनं नवा, त्यावर सगळं बसवलं, बटण दाबलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला. आईनं दाराआडून विचारलं, ‘चालला का रे?’ मी म्हणालो, ‘न चालायला काय झालं?’

कॉम्प्युटर नानांनी, म्हणजे वडिलांनी, घेतला होता तो पत्रिका काढायला. आमचे पणजोबा पैठणकडे भिक्षुकी करायचे, आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून होते आणि नाना पाटबंधारे खात्यात. आयुष्यभर त्यांनी धरणातल्या पाण्याचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवले आणि निवृत्त होऊन घर बांधलं ते बीड बायपासच्या पलीकडे, जिथं पाणीच नव्हतं. शहर तेव्हा आमच्या मागून धावत येत होतं. आम्ही राहायला गेलो तेव्हा खिडकीतून तुरीचं शेत दिसायचं, मग तिथं प्लॉटच्या खुणांचे दगड आले, मग रोज कुणाच्या तरी प्लॉटवर बोअरची गाडी. ती गाडी दगडात शिरली की आमच्या कपाटातल्या कपबश्या थरथरायच्या आणि पांढरी भुकटी उडून भाकरीच्या पिठात पडायची. सकाळी वाळूजच्या कारखान्यांच्या पहिल्या पाळीच्या बसचा हॉर्न, दुपारी ती बोअरची गाडी, आणि नशीब असेल त्या दिवशी टँकर. टँकर आला की गल्लीतले सगळे आपापले पाइप घेऊन पळायचे, त्यात पंधरा वर्षांपूर्वी तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थसुद्धा असायचे, आणि पाइप सर्वांत पुढे त्यांचाच असायचा.

अशा त्या घराच्या फाटकावर नानांनी पाटी लावली होती, ‘संगणकीय जन्मपत्रिका व गुणमेलन’. नोकरी सांभाळून हातानं पत्रिका मांडण्यात त्यांची हयात गेली होती, पण डोळे अधू झाले आणि लोकांनाही छापील कागद हवा असायचा. नानांची एक पद्धत होती. लोक यायचे असले की त्याआधी तास-दोन तास ते कॉम्प्युटर सुरू करून ठेवायचे. पाहुणे येऊन बसल्यावर यंत्र सुरू करणं त्यांना पाहुणे आल्यावर अंगण झाडण्यासारखं वाटे. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी, पत्र्याच्या शेडला लागून असलेल्या बाहेरच्या खोलीत, कूलर कोरडा ठणठणीत, आणि कॉम्प्युटर मात्र पाहुण्यांच्या स्वागतासाठी दोन तास तापत बसलेला. नानांचा आदर जितका मोठा तितका कॉम्प्युटर लवकर बंद पडणार हे आज मला दिसतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की नवा बोर्ड बसवल्यापासून तो कधीही बंद पडतोय. कधी पडदा निळा व्हायचा आणि त्यावर इंग्रजी अक्षरं यायची. कधी माउस जागच्या जागी थिजायचा. कधी नुसताच अंधार, आणि प्रिंटर अर्ध्या ओळीवर थबकलेला.

ताईसाठी स्थळ आलं ते त्याच दिवसांत. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, सिडकोतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिला आलेली स्थळं ती स्वतःच एका वाक्यात निकालात काढायची. एकाबद्दल म्हणाली होती, ‘तो माझ्याशी बोलताना घड्याळाशी बोलत होता.’ हे नवं स्थळ म्हणजे मुकुंदराव, मूळचे कन्नड तालुक्यातले, नोकरी वाळूजला एका कारखान्यात, तपासणी विभागात. पहिल्या भेटीनंतर आईनं विचारलं तेव्हा ताई म्हणाली, ‘ठीक आहे.’ आई स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडली. ताईच्या तोंडून ‘ठीक आहे’ म्हणजे दुसऱ्या मुलीनं लाजून पळून जाण्यासारखं होतं. आता फक्त पत्रिका जुळायची राहिली होती, आणि नानांनी ती स्वतः, पाहुण्यांसमोर, जुळवायचं ठरवलं.

मुकुंदरावांच्या आई आणि मामा जीपनं आले. आईनं सुशीला केला होता, मुरमुऱ्यांचा, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. नानांनी पोटच्या मुलीची पत्रिका म्हणून कॉम्प्युटर सकाळपासूनच सुरू ठेवला होता. दोन्ही जन्मवेळा भरल्या, बटण दाबलं, आणि पडदा निळा झाला. मी पुढं होऊन पुन्हा सुरू केला. या वेळी माउस थिजला. तिसऱ्या वेळी पडदा काळा झाला तो उजळलाच नाही. मी वाकून मागच्या वायरी हलवत होतो, कारण खोलीत सगळे गप्प असताना माणसानं काहीतरी हलवत राहावं असं मला वाटतं. मामांनी सुशील्याची बशी खाली ठेवली. मुकुंदरावांच्या आई, त्यांना सगळे माई म्हणत, शांतपणे म्हणाल्या, ‘असू द्या. मशीनच ती. आमच्या गावात वीजच नसते, तिथं तर ही भानगडच नाय.’ नानांनी मात्र उठून कॉम्प्युटरवर कापड टाकलं.

पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, ‘हे स्थळ नको.’

आई म्हणाली, ‘अहो, हातानं मांडा ना. तुम्हाला काय अवघड आहे?’

‘अवघड नाही. पण तीनदा अडवलं. थांब म्हणतंय, तर थांबायला हवं.’ मग माझ्याकडे वळून, ‘तू तो बोर्ड कधी बसवलास?’

‘शनिवारी संध्याकाळी.’

नानांनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं आणि मिटलं. ‘अमावस्या,’ ते म्हणाले. त्या एका शब्दात माझं सर्टिफिकेट, कोर्स आणि फ्रेम तिन्ही गेली. नाना दुष्ट नव्हते हे सांगायला हवं. ते नियमाचे होते. ताई उठून समोर उभी राहिली आणि तिनं त्यांना नियमातच गाठलं. म्हणाली, ‘नाना, मशीन नीट होऊन न अडता चालली, तर अडथळा गेला असं धराल ना?’ नानांनी विचार केला. ‘धरीन,’ म्हणाले. माईंनी निरोप ठेवला होता की अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट बघू, पुढं मामांच्या ओळखीत दुसरी एक मुलगी आहे. ताई माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘दुरुस्त कर.’ एवढंच. तिच्या वर्गातल्या मुलांची मला तेव्हा दया आली.

मी दुरुस्ती सुरू केली. आधी विंडोज सगळं पुसून नव्यानं टाकलं. त्यात लोकांच्या नानांनी साठवलेल्या पत्रिकाही पुसल्या गेल्या, ते वेगळंच प्रकरण आहे. मग रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. मग पैठण गेटला शफीकभाईंच्या दुकानात गेलो, बोर्ड त्यांच्याकडूनच घेतलेला. शफीकभाई मोठ्या ऐटीचे माणूस, बोर्ड तपासायच्या आधीच निकाल द्यायचे. ‘बोर्ड में कुछ नै है मियाँ. माल एकदम चोख्खा. रॅम गई तुमारी.’ मी नवी रॅम घेतली. बंद पडणं चालूच. पुन्हा गेलो. ‘हौ, तो फिर सप्लाय का लफडा है. घर में अर्थिंग है क्या नै, पूछा क्या किसीकू?’ कुणी विचारलं नव्हतं. अर्थिंगचा खड्डा घरामागं होता, त्यातली माती सुकून तिला भेगा पडल्या होत्या. शफीकभाई म्हणाले, मीठ घालून बादलीभर पाणी सोडा. मी आंघोळीसाठी भरून ठेवलेली बादली नेऊन त्या खड्ड्यात ओतली. नानांनी खिडकीतून पाहिलं. म्हणाले, ‘माणसांना नाही, आणि खड्ड्याला?’ त्या दिवशी घरात कुणी आंघोळ केली नाही आणि त्याचं कारण गल्लीभर झालं. कॉम्प्युटर त्या दुपारीही बंद पडला.

यात एक गोष्ट मला बुचकळ्यात टाकायची. काही दिवस तो मुळीच बंद पडत नसे. मग मी विजयी मुद्रेनं सगळ्यांना सांगत सुटे की काल केलं तेच बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधार. नाना म्हणत राहुकाळ. मी म्हणे व्होल्टेज. आम्ही दोघं आपापल्या शास्त्रात इतके बुडालो होतो की आई भाकऱ्या थापताथापता काय म्हणाली ते दोघांनीही ऐकलं नाही. ती म्हणाली, ‘मेलं ते टँकर येतो त्या दिवशी चालतं बघा.’

ताईनं ऐकलं. तिनं ताटातला हात धुतला नाही, तशीच उठून येऊन कॉम्प्युटरच्या मागं डावा तळवा धरला आणि झटकन काढला. ‘टँकर आला की कूलरमध्ये पाणी पडतं,’ ती म्हणाली, ‘आणि कूलर याच खोलीत आहे. हे तापतंय नंदू.’

‘पंखा आहे ना आत,’ मी म्हणालो. ‘ठोकळाही आहे. खाली एकदम स्वच्छ. मी चिंचेनं घासलाय.’

ताई माझ्याकडे बघत राहिली. वर्गात मुलगा चुकीचं उत्तर आत्मविश्वासानं देतो तेव्हा शिक्षक बघतात तसं. ‘काय होतं त्याच्यावर?’

‘मळ. पांढरा.’

‘हे शफीकभाईंना सांगितलंस?’

नव्हतं सांगितलं. भांडं घासलं हे कुणी दुकानात जाऊन सांगतं का? त्याच उन्हात ती मला घेऊन पैठण गेटला गेली. शफीकभाईंनी ऐकून घेतलं, मग शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, त्यालाही ऐकवायला लावलं. मी पुन्हा सगळं सांगितलं, चिंचेसकट. शेजाऱ्यानं विचारलं, ‘नमक भी डाला था क्या?’ शफीकभाईंकडे ती पेस्ट संपली होती. मुंबईहून माल यायचा होता, तो अक्षय्य तृतीयेनंतर. आणि माई दुसऱ्या दिवशी येणार होत्या, निकाल ऐकायला, शेवटचं.

दुसऱ्या दिवशी टँकर नव्हता. घरात पाण्याचा एक पिंप होता, त्यातून स्वयंपाक, पिणं, धुणं, सगळं पुढच्या टँकरपर्यंत भागवायचं. ताईनं आईकडे पाहिलं. आईनं पिंपाचं झाकण काढलं, आत बघितलं आणि पदर खोचला. ताईनं आणि मी बादल्यांनी ते पाणी कूलरमध्ये ओतलं. कॉम्प्युटरच्या बाजूचा पत्रा मी उघडा केला आणि तो टेबलासकट कूलरच्या तोंडाशी सरकवला. नानांना ताईनं बजावलं, पाहुणे बसल्यावरच बटण दाबायचं. नानांना ते पटलं नाही, पण ते मान्य करून बाहेर अंगणात येरझाऱ्या घालत राहिले.

माई आत आल्या आणि दारातच थांबल्या. वाळ्याचा ओला वास खोलीत भरला होता. त्यांनी कूलरकडे पाहिलं, मग त्याच्या खालून ठिबकणाऱ्या पाण्याकडे. ‘अगंबाई,’ त्या आईला म्हणाल्या, ‘एवढं पाणी? आमच्यासाठी? आमच्याकडं तर पाहुण्याला अर्धा तांब्या द्यायची पंचाईत हाय. लई केलंत.’ आईनं नजर खाली वळवली आणि म्हणाली, ‘त्यात काय.’ कॉम्प्युटरला हवा लागत होती आणि मान माईंना मिळत होता. कुणीच ती समजूत दुरुस्त केली नाही.

नानांनी बटण दाबलं. दोन्ही जन्मवेळा भरल्या. पंखा घरघरत होता, कूलर टपटपत होता, पडदा निळा झाला नाही, माउस हलत होता. आणि मग आकडा आला. छत्तीस गुणांपैकी निदान अठरा जुळावे लागतात. पडद्यावर सोळा होते.

पडद्याचं तोंड आमच्याकडे होतं, पाहुण्यांकडे पाठ. नानांनी आकडा पाहिला, मी पाहिला, आणि माझ्या खांद्यामागून ताईनं पाहिला. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली, जे ती लहानपणी निकालाच्या दिवशी करायची. यंत्र न अडता चाललं होतं. नियमाप्रमाणे अडथळा गेला होता, आणि नियमाप्रमाणेच लग्नही गेलं होतं. मग नानांनी सावकाश हात पुढं केला आणि उघड्या बाजूनं आतल्या ठोकळ्याजवळ तळवा धरला.

‘तापलंय,’ ते म्हणाले. ‘तापलेल्या यंत्राचं काय ऐकायचं?’

आता हे मला माहीत होतं की कॉम्प्युटर तापला की बंद पडतो, त्याची बेरीज चुकत नाही. ते कोर्समध्ये शिकवलं होतं आणि मला कोर्समधलं फारसं काही आठवत नसे, नेमकं हेच आठवलं. मी तोंड उघडलं. ‘नाना, तापलं तरी गणित…’ एवढं म्हणेपर्यंत ताईची टाच माझ्या पायाच्या बोटांवर आली आणि तिथंच राहिली.

नानांनी कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं बंद केला, पंचांग आणि पेन्सिल घेतली, चष्मा पुसला आणि भिंतीला टेकून मांडणी करायला बसले. माई आणि आई पाण्याविषयी बोलत होत्या, कन्नडच्या घाटात पूर्वी कसे झरे असायचे वगैरे. नानांना डोळ्यांमुळे वेळ लागत होता. आकडे कुजबुजत, खोडत, पुन्हा लिहीत. चहा दोनदा झाला. शेवटी त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. ‘जमतंय,’ ते म्हणाले.

माईंनी विचारलं, ‘किती आले?’

‘जमतंय म्हटलं ना,’ नाना म्हणाले, आणि आतल्या बाजूला वळून, ‘साखर आणा.’

त्यांनी तो कागद घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. त्यावर काय लिहिलं होतं ते मी कधी विचारलं नाही. पेस्ट आल्यावर मी ती नीट लावली आणि तो कॉम्प्युटर पुढं कितीतरी वर्षं तक्रार न करता चालला, नानांचे डोळे पूर्ण जाईपर्यंत. एकदा घरात कुणी नसताना मी त्या दोन्ही जन्मवेळा पुन्हा भरल्या. सोळा. थंड डोक्यानंही सोळाच. मी पडदा बंद केला आणि भांडी घासायला गेलो. आज ताई आणि मुकुंदराव दोघंही निवृत्तीला आले आहेत आणि कूलर किती वेळ चालवायचा यावरून रोज भांडतात, पण ते भांडण ऐकायला मी मुद्दाम त्यांच्याकडे जातो, कारण त्याइतकं सुखाचं भांडण आमच्या नात्यात दुसरं कुणाचं नाही.

साखरपुड्याच्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. पाहुणे जेवत होते, येसराच्या आमटीचा वास सगळीकडे सुटला होता, आणि ताई मागच्या अंगणात हात धुवायला आली होती. मी तिला हिशेब मांडून दाखवला. मी ठोकळा घासला नसता तर कॉम्प्युटर पहिल्याच दिवशी नीट चालला असता. नीट चालला असता तर पहिल्याच दिवशी सोळा आले असते. आणि चांगल्या चालणाऱ्या यंत्रानं सोळा सांगितले असते तर नानांनी ते मुकाट्यानं मानले असते. यंत्र तापलंय म्हणायला त्यांना जागाच उरली नसती. म्हणजे हे लग्न माझ्यामुळे झालं. ताईनं सगळं शांतपणे ऐकलं. हिशेबात चूक नव्हती, हे तिलाही दिसत होतं. तिनं माझ्याच खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले.

‘नंदू,’ ती म्हणाली, ‘भांडी चांगली घासतोस तू. तेवढंच करत जा.’